देवडींत रचलेलीं पोतीं

जुन्या मराठवाडी वाड्याची मांडणी श्रोत्यांपैकीं अनेकांच्या परिचयाची असेल. दरवाजांतून आंत पाऊल टाकतांच देवडी लागते. तेथें कारभारी बसतो, वह्या उघडतो, आणि कोणाचें धान्य कोणत्या बळदांत आहे याची नोंद ठेवतो. धान्य मात्र देवडींत नसतें; तें आंतल्या बळदांत किंवा जमिनीखालच्या पेवांत असतें. आतां अशी कल्पना करावी कीं, एके रात्रीं हमालांनीं चुकीनें सारीं पोतीं देवडींतच आणून रचलीं. बळदें अर्धीं रिकामीं आहेत, धान्याला कीड लागलेली नाहीं, कांहीं चोरीस गेलेलें नाहीं. तरी सकाळीं वाड्याचा व्यवहार ठप्प होतो, कारण कारभाऱ्याला वही उघडण्यापुरती हातभर जागा उरलेली नसते.

आजच्या कचेऱ्यांत व महाविद्यालयांत ज्याला यजमान सर्व्हर म्हणतात, त्या संगणकाचें एक अतिशय सामान्य दुखणें नेमकें याच जातीचें आहे. त्याची मुख्य डिस्क, म्हणजे जिच्यावर त्याची स्वतःची कार्यप्रणाली नांदते ती, गळ्यापर्यंत भरते. आणि मग ज्याच्यापाशीं शेंकडों गिगाबाइट जागा मोकळी पडलेली आहे असें यंत्र एक अक्षर लिहिण्यास असमर्थ होऊन बसतें. या दुखण्याचें निदान कसें करावें, आणि निदान होण्यापूर्वीं कोणते उपचार मुळींच करूं नयेत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यांतला दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण या रोगापेक्षां त्याच्यावरील घाईच्या औषधानेंच पुष्कळदां अधिक नुकसान होतें.

यजमान सर्व्हर ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. एकाच मोठ्या संगणकाच्या पोटीं अनेक स्वतंत्र संगणक वसवावयाचे आणि त्यांतील प्रत्येकाला सारें घर आपलेंच आहे असें वाटूं द्यावयाचें, हा प्रयोग आयबीएम कंपनीच्या अमेरिकेंतील केंब्रिज येथील केंद्रांत १९६४ सालीं सुरू झाला. १९६७ सालीं तो प्रत्यक्ष वापरांत आला, आणि १९७२ सालीं व्हीएम ३७० या नांवानें बाजारांत जाहीर झाला. पुढें बरींच वर्षें ही चैन मोठ्या संस्थांपुरतीच राहिली. १९९९ सालीं व्हीएमवेअर कंपनीनें ती टेबलावरच्या साध्या संगणकावर आणली, २००७ सालीं लिनक्सच्या गाभ्यांतच केव्हीएम नांवाची तशी सोय आली, आणि २००८ सालीं व्हिएन्ना येथून प्रॉक्समॉक्स हें विनामूल्य वापरतां येणारें साधन प्रसिद्ध झालें. तेव्हांपासून ही सोय जिल्ह्याच्या गांवींही परवडूं लागली.

नांदेड आणि लातूर हीं तर विद्यार्थ्यांचीं गांवें. नांदेडास विष्णुपुरीचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ सालीं निघालें. १९९४ सालीं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें, आणि नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेंत आहेत. लातूरच्या शिकवण्यांची कीर्ति सांगावयास नको. इतक्या विद्यार्थ्यांचे प्रवेश, शुल्क, ग्रंथालयाच्या नोंदी, परीक्षेचे अर्ज हें सारें आतां संगणकावर चालतें, आणि या प्रत्येक कामाला वेगळें यंत्र, वेगळी वीज व वेगळी बॅटरी पुरविण्यापेक्षां एका यजमान सर्व्हरांत चार आभासी यंत्रें वसविणें कोणत्याही संस्थेस स्वस्त पडतें. स्वस्ताईची किंमत एवढीच कीं, यजमानाला ठेंच लागली तर चारही पाहुणे एकदम धडपडूं शकतात.

प्रॉक्समॉक्सचा सर्व्हर नेहमींच्या रीतीनें बसविला, तर डिस्कचे आपोआप दोन मुख्य भाग पडतात. एक लहान भाग यजमानाच्या स्वतःच्या कामासाठीं राहतो. डिस्क कितीही मोठी असली तरी हा भाग सामान्यतः ९६ गिगाबाइटांहून मोठा केला जात नाहीं. तीच देवडी. उरलेला मोठा भाग आभासी यंत्रांच्या डिस्कांसाठीं असतो, तीं बळदें. देवडींत काय असतें? कार्यप्रणाली, तिच्या नोंदी, आणि शिवाय एक लहानसा पण जिवाचा कोठा, ज्यांत कोणतें आभासी यंत्र कोणत्या डिस्कवर आहे, त्याला किती स्मृति द्यावयाची, कोणाला आंत येऊं द्यावयाचें, हा सारा कारभार लिहिलेला असतो. हा कोठा लिहितां आला नाहीं कीं सर्व्हरचें नियंत्रणाचें पान प्रवेश नाकारतें. तें असें मात्र कधीं म्हणत नाहीं कीं, "माझ्यापाशीं जागा नाहीं." तें म्हणतें, "प्रवेश फसला, पुन्हां प्रयत्न करा." बिचारा मनुष्य समजतो कीं आपला परवलीचा शब्दच चुकला.

पुढील प्रसंग कोणा एका संस्थेचा नव्हे. अशा अनेक प्रसंगांत जें घडत असतें त्याचें सार घेऊन तो मांडला आहे. नांदेडास मुख्य कचेरी आणि लातुरास शाखा असलेली एक शिक्षणसंस्था आहे असें समजावें. सर्व्हर लातूरच्या शाखेंत आहे. तो सांभाळणारा जाणकार नांदेडास बसतो. दोहोंमध्यें लोहा, अहमदपूर, चाकूर अशी कांहीं तासांची वाट आहे. लातुरास एक प्रयोगशाळा साहाय्यक आहे, मेहनती आणि थोडा अधीर. सोमवारचा दिवस, परीक्षेचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख. सकाळीं दहा वाजतां साहाय्यक नियंत्रणाचें पान उघडूं पाहतो आणि त्याला प्रवेश मिळत नाहीं. तीनदां शब्द टाकून झाल्यावर तो नांदेडास फोन करितो आणि या सर्व प्रकरणांतला सर्वांत धोक्याचा प्रश्न विचारतो : "सर, एकदां बंद करून चालू करूं का?"

नांदेडहून उत्तर येतें : "बिलकुल हात लावूं नका. आधीं सांगा, मुलांचे अर्ज भरले जात आहेत का?"

साहाय्यक बाहेर डोकावून येतो. रांग नेहमींसारखीच पुढें सरकत आहे, अर्ज भरले जात आहेत, पावत्या निघत आहेत.

या दोन वाक्यांवर त्या दिवसाचें सारें भवितव्य अवलंबून होतें, म्हणून त्यांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. आभासी यंत्रें एकदां चालू झालीं म्हणजे त्यांना देवडीची फारशी गरज राहत नाहीं. त्यांच्या डिस्का वेगळ्या भागांत आहेत, आणि आपला कारभार त्यांनीं सुरुवातीलाच वाचून घेतलेला आहे. म्हणून यजमान मुका झाला तरी पाहुणे जेवत राहतात. पण यजमानाला बंद करून पुन्हां उठविलें, तर उठतांना त्याला प्रथम तो कारभाराचा कोठा उघडावा लागतो. भरलेल्या डिस्कवर तो कोठा उघडण्याची शाश्वती नसते. आणि न उघडल्यास चारही पाहुण्यांचीं नांवनिशीच यजमानाला दिसत नाहीं. जें केवळ गैरसोयीचें होतें तें मग खरोखरचें संकट होतें, आणि तेंही आपल्याच हातानें ओढवून घेतलेलें. घरच्या संगणकावर बंद करून चालू करण्याचा उपाय इतक्यांदां यशस्वी होतो कीं त्याच्यावर आंधळा विश्वास बसतो. येथें तो विश्वास घातक आहे.

मंगळावरही हेंच दृश्य एकदां घडलें होतें. २००४ च्या जानेवारींत तेथें उतरलेला अमेरिकेचा स्पिरिट हा फिरता यांत्रिक शोधक अवघ्या अडीच आठवड्यांत बावचळला, आणि आपण होऊन पुन्हां पुन्हां बंद होऊन सुरू होऊं लागला. त्याच्या साठवणींत फाइलींची गर्दी झाली होती. प्रत्येक वेळीं उठतांना तो ती सारी यादी वाचूं जाई, ती त्याला झेंपत नसे, आणि तो पुन्हां कोसळे. पृथ्वीवरील तंत्रज्ञांनीं त्याला ती साठवण न वाचतांच उठावयास लावलें, मग नको असलेल्या फाइली काढल्या, आणि फेब्रुवारींत ती साठवण नव्यानें आंखून दिली. शोधक पुढें कित्येक वर्षें चालला. नांदेडपासून लातूर त्या मानानें जवळ आहे.

तर नियंत्रणाचें पान बंद असलें तरी दूरून आज्ञा देण्याचा दुसरा मार्ग, ज्याला एसएसएच म्हणतात, तो बहुधा उघडा असतो. नांदेडच्या जाणकारानें त्या मार्गानें आंत शिरून पहिली आज्ञा दिली ती डीएफ. प्रत्येक डिस्क किती मोठी, किती भरलेली आणि किती मोकळी, एवढेंच ती सांगते. उत्तर आलें : मुख्य डिस्क शंभर टक्के. निदानाचें अर्धें काम संपलें. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेंत शेंकडा पांच जागा राखून ठेवण्याची रीत आहे, जेणेंकरून सामान्य कार्यक्रमांनीं डिस्क भरली तरी मुख्य अधिकाऱ्याला हालचाल करतां यावी. पण यजमान सर्व्हरवर जवळजवळ सारीं कामें मुख्य अधिकाऱ्याच्याच नांवानें चालतात, त्यामुळें ती राखीव जागाही तींच खाऊन टाकतात. गावासाठीं राखलेलें गायरान पाटलाच्याच गुरांनीं चरावें, तसा हा प्रकार.

दुसरी आज्ञा डीयू. कोणत्या फोल्डरांत किती साठलें आहे तें ती मोजून सांगते. ही आज्ञा देतांना तिनें इतर डिस्कांवर भटकूं नये अशी अट घालावी लागते, नाहींतर ती बळदांचें धान्यही देवडीच्या हिशेबांत धरते. जाणकारानें ती अट घातली आणि बेरीज पाहिली. ती आली ९ गिगाबाइट.

डिस्क ९६ ची, भरलेली सर्व. आणि मोजलेलें सामान ९. उरलेलें सत्त्याऐंशी गिगाबाइट सामान गेलें कोठें?

येथें अननुभवी मनुष्य गडबडतो, आणि दिसेल तें पुसूं लागतो. वस्तुतः ही तफावत म्हणजे रोग्यानें स्वतःच्या तोंडानें सांगितलेलें लक्षण आहे, कारण तिचीं कारणें मोजकींच संभवतात. पहिलें कारण असें कीं, एखादी मोठी फाइल कोणीतरी पुसलेली असते, पण कोणता तरी चालू कार्यक्रम ती अद्याप उघडी धरून बसलेला असतो. लिनक्सचा नियम मोठा न्यायी आहे : फाइलीचें नांव यादींतून गेलें तरी शेवटचा वापरणारा ती सोडीपर्यंत तिची जागा मोकळी करावयाची नाहीं. भाडेपावतीवरचें नांव खोडलें, पण बिऱ्हाड अजून आंतच आहे. अशा बिऱ्हाडांची यादी एलएसओएफ या आज्ञेनें मिळते, आणि तो एक कार्यक्रम पुन्हां सुरू केला कीं जागा सुटते. जाणकारानें ती यादी पाहिली. तींत मोठें असें कांहींच नव्हतें.

मग दुसरें कारण उरलें, आणि तें समजण्यासाठीं भिंतींतला कोनाडा डोळ्यांसमोर आणावा. कोनाड्यांत सामान भरलें आणि मग त्याच्या पुढें एक कपाट आणून उभें केलें, तर बाहेरच्याला कपाट तेवढें दिसतें. लिनक्समध्यें बाहेरची डिस्क जोडतात ती अशीच एखाद्या रिकाम्या फोल्डरावर आणून उभी करतात. डिस्क जोडलेली असतांना त्या फोल्डरांत जें लिहावें तें बाहेरच्या डिस्कवर जातें. डिस्क जोडलेली नसतांना लिहिलें, तर तें निमूटपणें खालच्या कोनाड्यांत, म्हणजे मुख्य डिस्कवर पडतें. कोणी तक्रार करीत नाहीं. आणि नंतर डिस्क पुन्हां जोडली कीं तें सामान कपाटाआड दडतें. जागा खातें, पण दिसत नाहीं.

जाणकारानें फोनवरच साहाय्यकाला विचारलें, "बाहेरच्या डिस्कला कोणी हात लावला होता काय?" थोडा वेळ स्तब्धतेंत गेला. मग हकीकत बाहेर आली. गुरुवारीं संध्याकाळीं नव्या सुधारणा बसवून सर्व्हर एकदां रीतसर बंद करून सुरू केला होता. त्या वेळीं बाहेरच्या डिस्कचा प्लग सैल झालेला होता. ती डिस्क नसली तरी अडूं नये अशी सूचना सर्व्हरला पूर्वींच दिलेली असल्यानें तो तिच्याविना उठला. मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार अशा चार रात्रीं चारही आभासी यंत्रांच्या संरक्षक प्रती, ज्यांना बॅकअप म्हणतात त्या, ठरल्याप्रमाणें काढल्या गेल्या आणि कोनाड्यांत पडल्या. रात्रीं सुमारे बावीस गिगाबाइट, असा हिशेब धरला म्हणजे चार रात्रींत देवडी भरते. उरलीसुरली चिमूटभर जागा रोजच्या नोंदींनीं सोमवारीं सकाळपर्यंत खाल्ली. आणि नऊ वाजतां साहाय्यकाला प्लग सैल दिसला. त्यानें तो बसवून, शिकविलेल्या आज्ञेनें डिस्क पुन्हां जोडून दिली. त्यानें चांगलेंच केलें होतें, पण त्यामुळें पुरावा झांकला गेला.

कपाट न हलवितां कोनाड्यांत पाहण्याची एक युक्ति आहे. मुख्य डिस्कचेंच दुसरें दार दुसऱ्या एखाद्या फोल्डरावर उघडावयाचें. त्या दारानें गेलें म्हणजे मधलीं कपाटें आड येत नाहींत. याला बाइंड माउंट म्हणतात. यांत एक बारीक अडचण आहे, आणि ती पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं : दार उघडण्यासाठीं नवें फोल्डर करावें म्हटलें तर भरलेल्या डिस्कवर तेंही होईलच असें नाहीं. म्हणून आधींपासून रिकामें असलेलें एमएनटी हें फोल्डर वापरावें. जाणकारानें तसें केलें, डीयू पुन्हां चालविली, आणि चार रात्रींच्या प्रतींचा ढीग त्याच्या समोर आला. सकाळचे साडेदहा झाले होते.

कोणालाही वाटेल कीं आतां एका आज्ञेनें तो ढीग पुसावा आणि मोकळें व्हावें. पण बाहेरच्या डिस्कवरची शेवटची प्रत बुधवारची होती. गुरुवारपासून जे अर्ज भरले गेले, जें शुल्क जमा झालें, त्याची दुसरी नोंद जगांत कोठें असेल तर ती याच दडलेल्या ढिगांत. जी अडगळ म्हणून फेंकावयाची, तीच चार दिवसांची एकमेव संरक्षक प्रत होती. म्हणून पुसावयाचें कोणतें आणि हलवावयाचें कोणतें, हा प्रश्न जागा किती लागते यावरून सोडवावयाचा नसतो. ती वस्तु पुन्हां मिळवितां येईल कीं नाहीं यावरून सोडवावयाचा असतो. कार्यप्रणालीच्या सुधारणा बसवितांना उतरवून घेतलेल्या जुन्या संचिका सर्व्हरवर पडून असतात. त्या केव्हांही पुन्हां उतरवितां येतात. त्या पुसल्या. कांहींशें मेगाबाइट मोकळे झाले. फार नाहीं, पण श्वास घेण्यापुरते. जुन्या नोंदींचे कागदही आंखडतां येतात, परंतु काय घडलें याचा तोच पुरावा असल्यानें त्यांना शेवटीं हात लावावा.

एवढी जागा होतांच जाणकारानें सारा सर्व्हर नव्हे, तर कारभाराचा कोठा सांभाळणारी तेवढी एक सेवा पुन्हां सुरू केली. नियंत्रणाचें पान उघडलें. लातुरास रांगेंतल्या एकाही मुलाला कांहीं कळलें नाहीं. मग चारही रात्रींच्या प्रती एकेक करून बाहेरच्या डिस्कवर नेल्या. प्रत्येक प्रत पोंचल्यावर दोन्हींकडच्या खुणा, म्हणजे त्यांच्या मजकुरावरून काढलेले अंक, ताडून पाहिले. आणि ते जुळले तेव्हांच खालची प्रत पुसली. या कामास पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागला. आज्ञा देण्यापेक्षां वाट पाहण्यांतच तो गेला.

जागा अपुरी पडल्यानें मोठमोठेही अडतात. २०२३ च्या ऑगस्टमध्यें जपानांत टोयोटा कंपनीचे चौदाही कारखाने बंद पडले, तेव्हां प्रथम घातपाताचा संशय पुष्कळांना आला होता. कंपनीनेंच नंतर खुलासा केला तो फार साधा होता. सुटे भाग मागविण्याच्या सर्व्हरवर देखभालीचें काम चालू असतां, साठलेली माहिती पुसून लावतांना डिस्कवरची जागा अपुरी पडली आणि व्यवस्था थांबली. पर्यायी सर्व्हरही त्याच व्यवस्थेवर असल्यानें त्याचीही तीच गत झाली. माहिती मोठ्या सर्व्हरवर नेल्यावर दुसऱ्या दिवशीं कारखाने सुरू झाले. आवराआवर करण्यासाठींही हात फिरवावयास जागा लागते, हें घर सारवणाऱ्या बाईला ठाऊक असतें; मोठ्या कारखान्यालाही त्याचा विसर पडूं शकतो.

तफावत नसतांनाही एक फसवणूक होते तिचा उल्लेख करून पुढें जावें. कधीं डीएफ सांगते कीं जागा भरपूर आहे, तरी यंत्र "जागा नाहीं" म्हणून ओरडतें. तेव्हां फाइलींची संख्या संपलेली असते. ईएक्सटी४ व्यवस्था आरंभींच ठराविक संख्येचीं नोंदपत्रें छापून ठेवते. लक्षावधि चिमुकल्या फाइलींनीं तीं सारीं वापरलीं म्हणजे रिकाम्या गोदामांत एक पोतेंही घेतां येत नाहीं, कारण पावतीपुस्तक संपलेलें असतें. डीएफ आज्ञेलाच वेगळ्या रीतीनें विचारलें म्हणजे ही गोष्ट कळते.

याहून गंभीर दुखणें बळदांचें आहे, आणि लातूरकरांना तें समजावून सांगण्यास वेळ लागूं नये. एक टेराबाइटच्या साठवणींतून चार आभासी यंत्रांना पांच पांचशें गिगाबाइट देऊं केले, म्हणजे कागदावर वाटप झालें दोन टेराबाइटचें. सुरुवातीस कोणीच आपला वांटा पुरता वापरीत नसल्यानें हें खपून जातें. पण कागदावरचें पाणी आणि धरणांतलें पाणी यांत काय अंतर असतें, तें २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटून मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें तेव्हां लातुरानें पाहिलें आहे. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पांच लाख लिटर पाणी आलें होतें. साठवणीचा हा सामायिक भाग संपला तर आभासी यंत्रें लिहितां लिहितां मध्येंच थांबतात, किंवा त्यांच्या फाइलव्यवस्थेला इजा होते. देवडी भरली तर पाहुणे जेवत राहतात; येथें पाहुण्यांच्याच ताटांतलें संपतें. शिवाय आभासी यंत्राच्या आंत फाइली पुसल्यानें ही जागा आपोआप परत येत नाहीं. मोकळी झालेली जागा यजमानाला कळविण्याची सोय मुद्दाम चालू करून ठेवावी लागते. म्हणून डीएफनें मुख्य डिस्क ठीक आहे असें सांगितलें तरी या दुसऱ्या साठवणीची पातळी वेगळी तपासल्याशिवाय उठूं नये.

नांदेडकरांना विष्णुपुरीचें उदाहरण जवळचें वाटेल. गोदावरीला पूर आला आणि जलाशय भरला कीं दरवाजे उघडतात व पाणी खालीं सोडतात. डिस्कला दरवाजे नसतात. म्हणून इशारा आधीं मिळाला पाहिजे, आणि तो शंभराव्या टक्क्याला मिळून उपयोग नाहीं; ऐंशीव्या टक्क्यालाच मिळावा. कारण सर्व्हर जें पत्र पाठवून धोका कळवितो, तें पत्र धाडण्यापूर्वीं क्षणभर ठेवावयासही त्याच डिस्कवर जागा लागते. डिस्क पुरती भरल्यावर धोक्याचें पत्र धोक्यांतच अडकून पडतें. कांहीं जाणकार मुख्य डिस्कवर एक दोन गिगाबाइटची निरर्थक फाइल मुद्दाम ठेवतात. प्रसंग आला कीं ती पुसावयाची, आणि तेवढ्या जागेंत उभें राहून पुढचें काम करावयाचें. युक्ति गांवढळ आहे खरी, पण ती साधते.

लातूरच्या प्रसंगांतला मूळ दोष मात्र एका खुणेनें नाहींसा होण्यासारखा होता. प्रॉक्समॉक्समध्यें बाहेरच्या डिस्कची नोंद करितांना, "ही जागा म्हणजे जोडलेली डिस्कच असली पाहिजे," अशी अट घालण्याची सोय आहे. ती घातली असती, तर गुरुवारीं रात्रीं प्रत काढण्याचें काम सरळ अयशस्वी झालें असतें आणि शुक्रवारीं सकाळीं तसें पत्र नांदेडास आलें असतें. मुकाट्यानें चुकीच्या जागीं होणाऱ्या कामापेक्षां आरडाओरड करून न होणारें काम केव्हांही बरें. ती अट त्याच दिवशीं दुपारीं घालण्यांत आली. संरक्षक प्रतींचा एक संच लातुरांतून नांदेडास आणि नांदेडच्या सर्व्हरचा एक संच लातुरास दररोज जावा, हेंही त्याच वेळीं ठरलें. ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट पाहिलेल्या जिल्ह्यांत, मूळ वस्तु आणि तिची प्रत एकाच छताखालीं कां ठेवूं नये, हें कोणीं कोणास विचारलें नाहीं.

संध्याकाळीं सहा वाजतां अर्जांची मुदत संपली. साहाय्यकानें बाहेरच्या डिस्कचा प्लग भिंतींतून काढून सर्व्हरच्याच बॅटरीवर आणला, दोरी खिळ्याला बांधली, आणि कपाटाच्या दारावर आंतून एक कागद चिकटविला. त्यावर मोठ्या अक्षरांत एवढेंच लिहिलें होतें : "बंद करण्यापूर्वीं नांदेडास फोन."